एक तारीख मी सोडली

होस्टिंगच्या ग्राहकांना बिल कोणत्या तारखेला जावं, याबद्दल माझं मत ठाम होतं आणि धंद्यातल्या इतरांशी मी ते हिरिरीनं मांडत असे. सगळ्यांना महिन्याच्या एक तारखेला, हे ते मत. कुणी महिन्याच्या मध्येच आलं, तर उरलेल्या दिवसांचे पैसे दिवसांच्या प्रमाणात लावायचे आणि पुढच्या एक तारखेपासून त्याला सगळ्यांच्या रांगेत आणायचं. आज माझ्याकडं येणाऱ्या नव्या ग्राहकाचं बिल तो ज्या तारखेला आला त्याच तारखेला निघतं, दर महिन्याला किंवा दर वर्षाला. मत का बदललं ते सांगायला बसले आहे. प्रश्न दिसायला हिशेबनिसाच्या टेबलावरचा आहे, पण त्यात पैसे देणारा आणि घेणारा यांचं नातं गुंतलेलं आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

माझा धंदा छोटा आहे. वेबसाइटची पानं, फोटो, ईमेल ज्या संगणकावर राहतात, त्यावरची जागा मी मोठ्या कंपनीकडून घाऊक घेते आणि पाचगणी, भिलार, महाबळेश्वर, वाई या पट्ट्यातल्या लोकांना किरकोळ भाड्यानं देते. लॉज आणि होमस्टेवाले, टेबल लँडच्या वाटेवरची हॉटेलं, गाड्या फिरवणारे, स्ट्रॉबेरीचे बागायतदार, जॅम आणि क्रश बनवणारी घरं, दोन-चार शिक्षणसंस्था, असे माझे ग्राहक. यांतल्या बहुतेकांना वेबसाइट हवी असते, पण ती कुठं आणि कशी राहते याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. त्यांचा माझ्याशी संबंध येतो तो दोन वेळा: साइट बंद पडली की, आणि बिल आलं की.

एक तारखेच्या बाजूची कारणं भक्कम होती आणि ती आजही खरी आहेत. सगळी बिलं एकाच दिवशी निघाली की एकच आठवण पाठवायची, एकच यादी तपासायची, कुणाचे आले आणि कुणाचे राहिले ते एका नजरेत कळतं. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, त्यानंतर तर ही शिस्त मला देवासारखी वाटायला लागली. महिन्याची विक्री पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत एका विवरणपत्रात दाखवायची, २० पर्यंत दुसऱ्यात कर भरायचा. बिलं एक तारखेला निघालेली असली की महिना संपायच्या आत निम्मं काम उरकतं. शिवाय अमेझॉनच्या वेब सेवांसारख्या मोठ्या कंपन्यासुद्धा कॅलेंडरचा महिना धरूनच बिल करतात. मोठे करतात ते चांगलंच असणार, असं मनात होतं.

मत हलायला सुरुवात झाली ती एका होमस्टेच्या मालकीणबाईंपासून. दरमहा ६०० रुपयांची योजना त्यांनी २५ ऑक्टोबरला घेतली. दिवाळीची गर्दी तोंडावर होती, घाई होती. मी त्यांना फोनवर सांगितलं होतं, सहाशे आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०८. बिल गेलं ८६७ रुपये ८७ पैशांचं. गणित बरोबर होतं. ऑक्टोबरचे सात दिवस, ३१ पैकी ७, म्हणजे १३५ रुपये ४८ पैसे, त्यात नोव्हेंबरचे पूर्ण ६००, बेरीज ७३५.४८, त्यावर कर १३२.३९. आमच्या धंद्यात सर्रास वापरलं जाणारं डब्ल्यूएचएमसीएस हे बिलिंगचं सॉफ्टवेअर हे सगळं आपोआप करतं. महिन्याच्या अमुक तारखेनंतर कुणी आलं तर पुढचा महिनाही त्याच बिलात धरायचा, अशी त्यात सोयच आहे. सात दिवसांसाठी एक बिल आणि लगेच आठवड्यानं दुसरं, हे टाळायला मीच ती सोय चालू ठेवली होती.

बाईंनी फोन केला. "ताई, तुम्ही सातशे आठ म्हणाला होतात ना?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पैसेही लगेच पाठवले. पण शेवटी म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर बरोबरच असेल."

त्या वाक्याचा मी पुढं खूप विचार केला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, बिलावर नाही. होमस्टेचा सगळा हिशेब ज्या बाई बोटांवर करतात, कुठल्या पाहुण्याचे किती चहा झाले हे ज्यांना पाठ असतं, त्यांना माझं पहिलंच बिल स्वतः ताडून बघता आलं नाही. ज्याला पैसे द्यायचे त्याला आकडा मनातल्या मनात जुळवता आला पाहिजे, हे मी त्याआधी कधी या बाजूनं पाहिलंच नव्हतं.

यावरून आठवण होते ती २०२० च्या जूनमधल्या वीजबिलांची. लॉकडाउनमुळं महावितरणनं २३ मार्चपासून मीटरवाचन थांबवलं होतं. जूनमध्ये ते पुन्हा सुरू झालं तेव्हा दोन-तीन महिन्यांची युनिटं एकाच बिलात आली. सगळी युनिटं एका महिन्याची धरली असती तर ग्राहक वरच्या स्लॅबमध्ये गेला असता आणि त्याला महाग दर लागला असता. तसं होऊ नये म्हणून स्लॅब महिन्यांच्या प्रमाणात वाढवून दिले होते. म्हणजे तिथलं प्रमाण ग्राहकाच्याच भल्याचं होतं. तरीही राज्यभर केवढा असंतोष उसळला! रकमा मोठ्या होत्या हे कारण होतंच, लोकांची कमाई थांबलेली होती. पण त्याबरोबरच ते बिल घरी बसून पडताळता येत नव्हतं. माझ्या शेजारचे एक निवृत्त शिक्षक, आयुष्यभर गणित शिकवलेले, वहीवर मांडून थकले आणि म्हणाले, ठीक आहे, भरून टाकतो.

तारीख सरकली की माणूस किती अस्वस्थ होतो, हे मला २०२२ मध्ये दिसलं. मोबाइलच्या प्रीपेड योजना तेव्हा २८ दिवसांच्या असायच्या. तेरा रिचार्ज केले की ३६४ दिवस होतात, म्हणजे वर्षाला बारा महिने असूनही पैसे तेरा वेळा द्यायचे. त्या वर्षीच्या जानेवारीत ट्रायनं आदेश काढला: प्रत्येक कंपनीनं किमान एक योजना ३० दिवसांची आणि किमान एक योजना दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी ठेवलीच पाहिजे. ती तारीख एखाद्या महिन्यात नसेल तर त्या महिन्याची शेवटची तारीख धरायची. तो आदेश मी वाचला आणि त्यातली 'त्याच तारखेला' ही गोष्ट मला थेट माझ्या धंद्याला लागू दिसली. लोकांची तक्रार फक्त तेराव्या रिचार्जच्या पैशांची नव्हती. आज ५ ला संपलं, पुढं २ ला, मग ३० ला, अशी तारीख हातातून निसटत राहते आणि माणसाला कायम सावध राहावं लागतं. नियामकानं उपाय सुचवला तो ग्राहकाच्या स्वतःच्या तारखेचा. सगळ्या देशाचं रिचार्ज एक तारखेला करा, असं काही तो म्हणाला नाही.

आता कुणी म्हणेल, एक तारीख तर कधीच सरकत नाही, तिच्याइतकी लक्षात राहणारी दुसरी कुठली? हा युक्तिवाद मीच कित्येकांना ऐकवला आहे. पगारदार घरात तो खरा आहे. पगार एकला होतो, हप्ते पाचपर्यंत जातात. पण पाचगणीत एक तारखेला कुणाचा पगार होतो? शाळांतले शिक्षक आणि बँकेतली माणसं सोडली तर इथं पैसा सुट्ट्यांवर चालतो. एप्रिल-मे, दिवाळी, नाताळ, मधले लांबलेले शनिवार-रविवार. जूनमध्ये पाऊस लागला आणि पसरणीच्या घाटात धुकं उतरलं की पेठेतली निम्मी वर्दळ थांबते. बागायतदाराचा पैसा स्ट्रॉबेरी उतरते तेव्हा, म्हणजे साधारण नोव्हेंबर-डिसेंबर ते एप्रिल. या माणसांच्या हातात एक तारखेला पैसे असण्याचं काही कारणच नाही. ती तारीख माझ्या सोयीची होती, आणि तिला मी सगळ्यांची सोय समजत होते.

सगळ्यात मोठं वळण दिलं ते भिलारच्या एका बागायतदारानं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आपल्या नावानं आपला माल विकायची जिद्द या भागातल्या बऱ्याच जणांत आली आहे. त्यांनीही पेट्यांची थेट मागणी घेण्यासाठी साइट केली होती. ती हंगामापुरतीच चालू ठेवायची, पुढं बंद, असा त्यांचा बेत. १० नोव्हेंबरला सुरू केली, तेव्हा नोव्हेंबरचे २१ दिवस मोजून मी त्यांना एक तारखेच्या रांगेत आणलं. ९ एप्रिलला त्यांनी फोन केला, माल संपला, आता बंद करा. मी बंद केली. पैसे एप्रिलच्या पूर्ण महिन्याचे आधीच घेतलेले होते.

"ताई, येताना दिवस मोजलेत, जाताना का नाही मोजत?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "आमच्याकडं दुधाचा रतीब असतोय. गावाला गेलो तर खाडे वजा होतात. गवळी नाही म्हणत की महिना भरला नाही तरी पैसे पूर्ण द्या."

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होतं, आमच्या धंद्यातलं नेहमीचं: चालू महिन्याचा परतावा नसतो, अटींमध्ये लिहिलेलं आहे. ते मी दिलं नाही, कारण त्या क्षणी ते मलाच पटेना. दुधाच्या खाड्यांचं गणित आपल्याकडं घरोघर कॅलेंडरवर लिहिलेलं असतं, खानावळीतही तोच रिवाज आहे. दिवस मोजायचे ते न दिलेल्या वस्तूचे पैसे घ्यायचे नाहीत म्हणून. मी मात्र दिवस मोजत होते ते ग्राहकाला माझ्या तारखेपर्यंत ओढून आणायला. एकदा तो तिथं पोचला की माझं मोजणं थांबत होतं. दोन्हीकडं भागाकार तोच, पण एक देणाऱ्याचं रक्षण करतो आणि दुसरा घेणाऱ्याची सोय बघतो. त्यांचे २१ दिवसांचे पैसे मी परत केले.

तेव्हापासून मी हा प्रश्न उलटा धरते. तारीख ग्राहकाची राहू द्यायची. आणि दिवसांच्या प्रमाणातला हिशेब ठेवायचा, पण जिथं तो देणाऱ्याच्या बाजूनं चालतो तिथं: मध्येच मोठी योजना घेतली तर, मध्येच लहान घेतली तर, मध्येच सोडून गेला तर.

माझे साताऱ्याचे सीए याला तयार नव्हते, आणि त्यांचं म्हणणं हलकं नव्हतं. वार्षिक बिल १० नोव्हेंबरला निघालं तर ३१ मार्चपर्यंत १४२ दिवस होतात. उरलेल्या २२३ दिवसांचे पैसे मी घेतलेले असले तरी ते माझे झालेले नसतात. ते आगाऊ जमा म्हणून पुढच्या वर्षात न्यावे लागतात. प्रत्येक ग्राहकाची तारीख वेगळी म्हणजे प्रत्येकाचा हा आकडा वेगळा. "मॅडम, तुम्ही भागाकार टाळत नाही आहात, फक्त जागा बदलताय," ते म्हणाले. अगदी बरोबर बोलले, आणि त्यांच्या या बोलण्यानंच माझा निर्णय पक्का झाला. दिवसांचा भागाकार या धंद्यात कुठं तरी करावाच लागतो. तो होमस्टेच्या बाईंनी पहिल्या बिलावर करायचा, की मी मार्चअखेर माझ्या वहीत करायचा, एवढंच ठरवायचं असतं. माझ्याकडं संगणक आहे, सॉफ्टवेअर आहे, सीए आहेत. भागाकार मीच करायला हवा.

आपोआप पैसे कापण्याच्या बाबतीतही ग्राहकाची तारीख सोपी पडली. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम लागू झाले: रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना गेलीच पाहिजे, आणि ठराविक मर्यादेच्या वर प्रत्येक वेळी ग्राहकाची मंजुरी हवी. ती मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. छोट्या ग्राहकाला सूचना येते, तिच्यात त्याला माहीत असलेली रक्कम असते, माहीत असलेली तारीख असते. पहिला हप्ता ८६७ आणि दुसरा ७०८ असं दिसलं की तो बिचकतो आणि परवानगीच काढून टाकतो. हे मी पाहिलं आहे.

होस्टिंगच्या शेजारी डोमेन असतं, म्हणजे वेबसाइटचं नाव, आणि त्यात तर निवडीचा प्रश्नच नाही. नाव ज्या दिवशी नोंदलं त्या दिवसापासून वर्षं मोजली जातात, पूर्ण वर्षानंच वाढतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं. त्यातले सात दिवस कुणी विकत देत नाही. एक तारखेच्या काळात माझ्या ग्राहकाच्या डोक्यात त्यामुळं दोन तारखा असायच्या, होस्टिंगची एक आणि नावाची दुसरी. होस्टिंगचे पैसे भरले म्हणजे सगळं भरलं असं समजून नाव सुटायची वेळ काहींवर आली. आता दोन्ही एकाच दिवशी सुरू केलं की तारीख एकच राहते. तेवढी चिंता गेली, हे मला हिशेबाच्या शिस्तीपेक्षा मोलाचं वाटतं.

ग्राहकाच्या तारखेच्या बाजूनं एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: बिलं महिनाभर सारखी पसरतात, पैसा रोज थोडाथोडा येतो, सगळ्यांचे फोन एकाच दिवशी येत नाहीत. आपल्याकडं हे अर्धंच खरं आहे. लोक साइट मुहूर्तावर सुरू करतात. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया. दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला होता, २०२४ मध्ये १२ ला, २०२५ मध्ये २ ला. म्हणजे दर वर्षीचे दसऱ्याचे ग्राहक वेगळ्या तारखेला गोळा होतात, पण गोळाच होतात. त्यात हंगामाआधीची धावपळ मिळवली की माझा ऑक्टोबर-नोव्हेंबर अजून भरगच्च असतो आणि जुलै रिकामा. ग्राहकांना मात्र त्याचा त्रास नाही, उलट ज्या महिन्यात त्यांच्याकडं पैसे येऊ लागतात त्याच महिन्यात वर्षाचं बिल येतं. ही सोय ठरवून केलेली नव्हती, त्यांच्याच वेळापत्रकातून ती आपसूक आली.

२९, ३०, ३१ तारखेला आलेल्यांचं काय करायचं, हे मात्र काळजीनं ठरवावं लागलं. ३१ जानेवारीला आलेल्याचं पुढचं बिल २८ फेब्रुवारीला निघतं. त्यानंतर यंत्रानं मागची तारीख बघून महिना वाढवला तर २८ मार्च होतो, आणि त्याचे तीन दिवस कायमचे गेले. म्हणून मूळ तारीख वेगळी जपायची आणि प्रत्येक वेळी तिच्यापासूनच मोजायचं: २८ फेब्रुवारी, मग परत ३१ मार्च. दिवसाचा दर काढताना असाच फरक पडतो. ६०० ला २८ नं भागलं तर २१ रुपये ४३ पैसे, ३१ नं भागलं तर १९ रुपये ३५ पैसे. परतावा देताना मी वर्षाच्या ३६५ दिवसांचा एकच दर धरते, १९ रुपये ७३ पैसे, म्हणजे कुठल्या महिन्यात सोडलं यावर काही अवलंबून राहत नाही.

शिक्षणसंस्थांचं प्रकरण वेगळं निघालं. त्यांच्या हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च, मंजुरी एकदाच मिळते, आणि एका संस्थेच्या तीन साइट, चाळीस ईमेल, सगळं वेगवेगळ्या तारखांना सुरू झालेलं असतं. त्यांच्या लेखापालांनी स्वतःहून मागितलं: सगळं १ एप्रिलला आणा, मधल्या दिवसांचं वेगळं बिल चालेल. मी लगेच आणलं. त्यांना ते बिल पडताळता येतं, ते त्यांचं रोजचं काम आहे, आणि तारीख त्यांनीच निवडलेली आहे. यात मला कुठंही माघार वाटत नाही.

जुन्या ग्राहकांना मी विचारलं, तुमची तारीख मूळ दिवसावर नेऊ का? बऱ्याच जणांनी नको म्हटलं. एका लॉजच्या मालकांचं उत्तर होतं, कामगारांचे पगार, किराणा, लाँड्री, सगळं एकला देतो, तुमचंही असू दे. तेही बरोबर आहे, ती तारीख आता त्यांची झाली आहे. जे बदलले त्यांच्या मधल्या दिवसांचे पैसे मी घेतले नाहीत. ब्रिटननं १७५२ च्या सप्टेंबरात कॅलेंडर बदलताना ११ दिवस गाळले, तेव्हा भाडं आणि देणी त्या कारणानं लवकर वसूल करता येणार नाहीत अशी तरतूद त्या कायद्यातच केली होती. तारीख बदलायचं ज्यानं ठरवलं त्यानं समोरच्याचे दिवस भरून द्यावेत, हे तेव्हाच्या संसदेलाही सुचलं होतं.

परताव्याबद्दल सीए सरांशी अजून बोलणं चालू आहे. प्रत्येक परताव्याला क्रेडिट नोट काढावी लागते, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर ३० नोव्हेंबरनंतर ती दाखवून भरलेला कर कमी करता येत नाही. वार्षिक ग्राहकाला मी बारा महिन्यांऐवजी दहा महिन्यांचे, म्हणजे ६,००० रुपये लावते. तो पाच महिन्यांनी गेला तर वापरलेले पाच महिने सहाशेच्या दरानं धरून ३,००० परत करते, कारण सवलत वर्षभर राहण्याची होती. डोमेनचे पैसे परत करता येत नाहीत, ते पुढं पूर्ण वर्षासाठी भरलेले असतात, आणि हे मी आता पहिल्याच फोनवर सांगते. सर म्हणतात, पाच महिन्यांवर सवलतीचा थोडा भाग तरी द्यायला हवा. भिलारच्या बागायतदारांनी यंदा वार्षिक योजनेबद्दल विचारलं आहे, त्यांना उत्तर द्यायच्या आधी हे ठरवायचं आहे.